न मोजलेली नाडी

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला असेल. आईचे गुडघे तसेच आहेत आणि हट्टही तसाच. बाबांना परवा इस्पितळात हलवलं. फोनवर मी तुला ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणाले. तेवढंच नव्हतं. फोनवर तोंड उघडत नाही, म्हणून लिहितेय. शेजारचे काका तिकडेच निघालेत, त्यांच्या हाती देते.

गेल्या महिन्यात बाबांना हृदयाची नवी गोळी सुरू झाली. ती ठोके सावकाश करते. म्हणून देण्याआधी नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, वहीत लिहायची, साठच्या खाली असली तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं. वीस वर्षं वॉर्डात नव्या मुलींना मी हेच शिकवते. आईला म्हटलं, “तू यात पडू नकोस, मी आहे ना.” बाबा हसले, “घरात नर्स म्हणजे आजाऱ्याला रजा नाही.”

मग त्यांची अन्नावरची वासना उडाली. सोमवारी म्हणाले, “भिंती पिवळ्या का दिसतायत गं?”

मी म्हटलं, ऊन आलंय. पडदे ओढलेले होते, दादा.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नाडी विचारली. मी वहीतून वाचून दाखवली: बहात्तर, सत्तर, बहात्तर. “मग गोळी चालू ठेवा,” ते म्हणाले. मंगळवारी सकाळी मीच दिली. दुपारी बाबा मोरीत कोसळले.

वॉर्डातल्या नर्सने नाडी मोजली. अडतीस. तिने मी नेलेली वही उघडली. “आज सकाळी बहात्तर होती?”

बाबाच खाटेवरून पुटपुटले, “माझी मुलगी रोज पूर्ण मिनिट मोजते.”

मी मोजत नव्हते. सकाळची बस गाठायची असायची. नऊ दिवस नुसतं मनगट धरलं आणि वहीत आकडा टाकला.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्तात औषध फार साठलंय. गोळी बंद केलीय, उतारा दिलाय, तरी ठोके मध्येच अडखळतात.

काल बाबांना विचारलं, खोटं का बोललात? म्हणाले, “तू घड्याळाकडे बघत नाहीस, ते दिसायचं मला. पण तेवढाच वेळ जवळ बसायचीस.”

आज सकाळपासून ते बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. आईला अजून काही ठाऊक नाही. तू आलास की तुझ्यासमोर सांगेन. मिळेल त्या गाडीने ये.

तू जे बोलशील ते खाली मान घालून ऐकणारी,
तुझी धाकटी