किटवर लिहिलेलं नाव

मंगळवार, ३ जून

मनकर्णामावशीला अ‍ॅडमिट केलं. घाटनांदूरहून जीपनं आणलं. पाच दिवस ताप, हिरड्यांतून रक्त. म्हशीच्या गोचड्या नखावर चिरडायची तिची सवय काही गेली नाही. डॉक्टर म्हणाले, गोचिडीपासूनचा रक्तस्रावी ताप असावा. नमुना पुण्याला गेला. पीपीई किट घातल्याशिवाय खोलीत जायचं नाही. दिवसपाळी मी मागून घेतली, रात्रपाळीला संस्कृती सिस्टर.

बावीस वर्षांपूर्वी मी इथं नवी सिस्टर, मावशी वॉर्डातली आया. माझा पहिला पेशंट गेला तेव्हा स्टोअरमध्ये रडत बसले होते. ती चहा घेऊन आली. "रडून झालं की तोंड धू. पाच नंबरची सलाईन संपाय आलीय." काय दिवस होते ते!

बुधवार, ४ जून

मावशी विचारते, "आमची बबिता कुठं हाय?" समोर मीच! पण मास्क, चष्मा, वर फेसशील्ड — आणि तिला ऐकायला कमी. ओरडून सांगितलं. तिनं नुसतं पाहिलं.

दुपारी किटवर मार्करनं मोठं 'बबिता' लिहून गेले. बघत राहिली. बाहेर आल्यावर लक्षात आलं — मावशीला वाचता कुठं येतं? औषधाच्या बाटल्यासुद्धा झाकणाच्या रंगावरून ओळखायची. माझ्या अकलेची कमाल आहे.

गुरुवार, ५ जून

रिपोर्ट पॉझिटिव्ह. नाकातलं रक्त थांबत नाही.

शुक्रवार, ६ जून

आज राहवलं नाही. एकदा तोंड दाखवावं म्हणून मास्कला हात घातला. तेवढ्यात तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "बाई, तुमी जा. माझ्या बबिताला धाडा." मास्क तसाच राहिला. फार लागलं मनाला.

पूर्वी मी दमलेली दिसले की माझ्याच कपाळाला हात लावून बघायची. आज तिच्या कपाळावर माझे दोन-दोन हातमोजे.

शनिवार, ७ जून

मावशी गेली. अंघोळ नाही, नवं लुगडं नाही. पिशवीची चेन मीच ओढली. बबिता भिऊन आलीच नाही, असं समजून गेली. हे आता जन्मभर पुरेल.

सोमवार, ९ जून

संस्कृती आज बोलली. मावशीनं तिला पहिल्याच रात्री सांगितलं होतं — "दिवसाची ती आमची बबिताच हाय. चालीवरून वळखली. पर वळखलं म्हनलं तर येडी तोंडावरचं काढून गळ्यात पडंल. लेकरं हायत तिला. मी गेल्यावर सांग."