एका चपलेची गोष्ट

देवास,
भाऊबीजेनंतरचा शनिवार

प्रिय रणू,

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. उजव्या हाताच्या दोन बोटांना दिव्याने जरा भाजलंय आणि पेन नीट धरता येत नाही. तरी लिहायलाच बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. काल दोनदा फोन केला. एकदा तुझ्या दुकानात सरदारपूरची मंडळी पंप बघायला आली होती, आणि दुसऱ्यांदा म्हणालास, ताई, कचोरी गरम आहे, नंतर बोलू. हिंदी शाळेमुळे तुझं मराठी वाचन अडखळतं, त्याचा या वेळी मला उपयोग होईल. हळूहळू वाचशील. आमच्या शेजारचे कृष्णराव उद्या धारला मुलीकडे निघालेत, त्यांच्याच हाती हे देतेय. तू दुकानात असशील तेव्हा तुझ्याच हातात द्यायला त्यांना सांगितलंय.

परवा तुम्ही दोघं लेकीला घेऊन आलात आणि घर कसं भरून गेलं. जेवताना अनन्याने हट्ट धरला म्हणून तू तात्यांच्या चपलेची गोष्ट पुन्हा सांगितलीस. बळवंतरावांच्या मुलीचं लग्न, जेठातली दुपार, पंगतीतून पोट धरून उठलेले तात्या, आणि धारच्या तापलेल्या डांबरी रस्त्यावरून एका पायात चप्पल घालून घरापर्यंत चालत आलेले. आईने दारातच विचारलं, दुसरी कुठे आहे? तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं. "अरे, ही कुठे राहिली?" तू हे अगदी त्यांच्या आवाजात म्हणतोस, मान तशीच वाकवतोस. अनन्या हसता हसता ऋतिकाच्या मांडीवर कोसळली. मीही हसले. त्या दुपारीही आपण सगळे असेच हसलो होतो, आई सोडून.

गोष्ट तू नेहमी तिथेच थांबवतोस. पुढचं अनन्याला माहीत नाही. फरशीवर उमटलेले ओले डाग आईला दिसले, ते तिला आधी पाण्याचे वाटले. तात्यांच्या टाचेला भाजून फोड आले होते, एक फुटला होता, आणि ते आरामात झोपाळ्यावर बसून पान लावत होते. हळद भरली, पट्टी बांधली, आठवड्याने लग्नघरातली उरलेली बुंदी आली तीही त्यांनी खाल्ली. पायाला वास यायला लागला तेव्हा दिवाळी जवळ आली होती. इंदूरला नेलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. त्यांच्या पायजम्याची ती बाजू आई दुमडून पिनेने अडकवायची. ती पीन तोंडात धरून ती खाली वाकलेली असायची आणि तू दप्तर घेऊन बाहेर पळायचास. तुला बघवत नव्हतं, मला कळायचं.

तात्या हावरट नव्हते रे. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. आपल्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरला तर वाढणारा तो बाजूला सारून वाढायचा, आणि त्यालाच प्रेम म्हणायचे. तात्या स्वतःही तसंच वाढायचे. चार वाजले की तिखट सेवेचा डबा उघडायचा, पोह्यावर सेव, भाजीवर सेव, काहीच नसलं तर नुसती मूठभर सेव. भूक लागलीय का, हे आपल्या घरात कुणी कुणाला कधी विचारलंच नाही. मी तरी आईच्या तोंडून हा प्रश्न ऐकलेला नाही. ती विचारायची, आणखी काय वाढू?

तुझा तो दोन वर्षांपूर्वीचा साखरेचा रिपोर्ट मी विसरले नाही. बॉर्डरवर आहे ताई, पलीकडे नाही गेलो, असं म्हणून तू टाळी मागितली होतीस. त्यानंतर पुन्हा तपासलं नाहीस, हे परवा ऋतिकाने पोळ्या लाटताना सांगितलं. तिने तक्रार केली नाही, नुसतं बोलली. तू उशाशी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन झोपतोस म्हणाली. चष्म्याचा नंबर वर्षात दुसऱ्यांदा बदललाय म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर कचोरी खावीच लागते, दारात आलेल्या भियाला एकट्याला कसं खाऊ घालणार, असं तू तिला समजावतोस. मग ती पुन्हा पोळीवर वाकली, कारण तू स्वयंपाकघरात आला होतास. मी तुझं ताट मुद्दाम लहान वाढलं होतं, ते तू ओळखलंस. फडताळावरचा डबा काढलास आणि उभ्या उभ्या अनारसे खाल्लेस, आमच्याशी गप्पा मारत. किती खाल्लेस ते तुला स्वतःला सांगता आलं नसतं. खाण्याला माझी हरकत नाही. पण हात डब्यातून तोंडाकडे जात होता आणि तुझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

मी फार शहाणी झालेय असं समजू नकोस. शाळेतून येताना त्या कोपऱ्यावर तेलात कचोऱ्या फुलत असतात, तेव्हा माझी चाल अजून मंदावते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मलाही बजावलं, तेव्हापासून एवढंच करते की चार वाजता बसून खाते. वाटी लहान घेते, त्यात भाजलेले चणे नाहीतर फुटाणे, सोबत काकडी किंवा ताक. डबा झाकण लावून परत आत ठेवते आणि मग पहिला घास घेते. वाटी संपली की पाणी पिऊन थोडा वेळ अंगणात जाते. त्यानंतरही हवंसं वाटलं तर स्वतःलाच विचारते, अलका, भूक आहे की नुसतीच संध्याकाळ झालीय? बहुतेक वेळा संध्याकाळच झालेली असते. आई गेल्यापासून ती वेळ मला खायला उठते, आणि मी उलट सेव खात सुटायचे. तुझंही असंच काही असेल का रे? दुकान मिटायच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, तू काय विसरायला खातोस? तू कधी सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात. आई सांगायची, त्या दिवशी भाऊ बहिणीच्या हातचं जेवला की यम त्याच्या वाटेला जात नाही. लहानपणी मी ते इतकं खरं मानायचे की तुझ्या पानात काही उरलं तर मला रडू यायचं. परवा तबक हातात घेतलं तेव्हा तेच आठवत होतं. बासुंदीची वाटी तुझ्यापुढे होती, वर्षभराचं आयुष्य मागायचं होतं, आणि या दोन गोष्टी मला एकत्र धरवेनात.

आता जे बोलायला काल दोनदा फोन केला, ते लिहिते. तुला मांडी घालता येईना म्हणून तू खुर्चीवर बसलास आणि पाय पाटावर ठेवलेस. मी ओवाळत असताना तबक कलंडलं, निरांजनातली पेटती फुलवात घरंगळली आणि तुझ्या उजव्या पावलावर, करंगळीच्या मुळाशी पडली. तुपासकट. ती तिथे जळत होती, रणू. तू अनन्याकडे बघून भुवया उडवत होतास. पाय हलला नाही. तुझा चेहराही बदलला नाही. मी वाकून ती चिमटीत उचलली, तेव्हा तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ताई, मोठी तू आहेस, पाया मी पडायचं!" सगळे पुन्हा हसले. माझ्या बोटांची अजून आग होतेय, आणि मी ती निमिषभरच धरली होती. ऋतिकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. पाय तुझा आहे, आधी तुला कळावं असं वाटलं. पण उद्या संध्याकाळी तिला फोन करणार आहे. सोमवारी शाळेतून सुट्टी काढलीय, पहिल्या बसने इंदूरला पोचते. तू धारहून ये, तिथून आपण डॉक्टरकडे जाऊ. न आलास तर मी पुढची बस धरून तुझ्या दुकानात येईन, गिऱ्हाइकांसमोर. आता हे पत्र बाजूला ठेव, दुकानाच्या दारात उजेडाला बस आणि उजवा मोजा काढून बघ. तिथे फोड असेल, कदाचित फुटलाही असेल. तू म्हणशील, दुखत तर नाही ताई. दुखत नाही, म्हणूनच लिहिलंय.

सोमवारी तुझी वाट बघणारी,
तुझीच,
ताई