बकुळीची फाइल

मंगळवार, ११ ऑक्टोबर २०११. सकाळी ११.४०
गुन्हा घडला. लॅपटॉपमधून माझ्या बकुळीची फाइल नाहीशी. गल्लीत झाडं एकसष्ट, झाडागणिक एक फाइल. साठ जागेवर आहेत. गेली ती नेमकी माझ्या दारातली.

बिल्डर रावसाहेबांनी कबूल केलंय की शुक्रवारी पाचपर्यंत यादी द्या, यादीतली झाडं सोडतो, बाकीची तोडतो.

संशयित एकच: उत्कर्षा, माझी भाची, हिंजवडीत कॉम्प्युटरवाली. दोघींचं काम एकत्र जोडायची सोय तिनेच करून दिली. फाइलींवर झाडांची नावं मात्र सगळी इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये, बेवारशासारखी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी बोटं फोडली असती. रविवारी तिच्या घरी, तिच्याच मशीनवर मी माझ्या बकुळीला कॅपिटल बी दिला. बाकीची राहिली तशीच. कार्टीला झोंबलं. सूड.

आज मी फक्त मर्ज केलं, म्हणजे दोघींचं काम जोडलं. सगळे बदल पाठवू का, असं मशीनने विचारलं. हो म्हटलं. सभ्य माणूस हो म्हणतो.

दुपारी १.१५
लॅपटॉपला वरवंटा हाणला. एकदाच. कोपरा फुटला, तीन बटणं उडाली. चालतोय. आता वचकून चालतोय.

बुधवार, १२
उत्कर्षाचे चार फोन. घेतले नाहीत. लेखी माफी आल्याशिवाय बोलणार नाही. समोर आली तर कान उपटून हातात देईन.

कामाच्या सरूबाई म्हणाल्या, चार ओळी तर आहेत, पुन्हा लिवा की. त्यांना भांडी घासायला सांगितलं. त्यांनी ती आपटली.

उद्या बकूळ स्वतः मोजते. पहाटे सहाला.

गुरुवार, १३
मोजली नाही. खालच्या सुदर्शनला बकुळीच्या जागी गाडी लावायची आहे. टेप घेऊन उतरले तर हसला. परत वर आले. नंतर त्याच्या गाडीवर कुंडी पडली. पाडली नाही, पडली. दोनदा.

उरलेला दिवस त्याच्या बायकोशी भांडण्यात. जिंकले.

शुक्रवार, १४. दुपारी ४.५०
यादी छापली, सही केली, दिली. झाडं साठ. सरूबाई म्हणाल्या, खाली पेनाने बकुळीचं नाव घाला. टाइप केलेल्या अर्जावर खरडणं आमच्या शाळेच्या शिस्तीत बसत नाही. शिवाय तीन मजली झाड आहे. रावसाहेब आंधळे नाहीत.

सोमवार, १७. सकाळी ९.०५
करवत. मशीनची. आधी फांद्या, मग खोड, वीस मिनिटं. एक चप्पल करवतवाल्याला लागली, दुसरी चुकली. त्याच्या शर्टाची बाही माझ्या हातात आली. रावसाहेबांना धरून गदागदा हलवलं. त्यांनी खिशातून यादी काढली.

"बाई, सही आपलीच आहे ना?"

सायंकाळी ६.००
उत्कर्षा आली. कान उपटायचे राहिले, ती रडत होती.

तिचं म्हणणं असं. तिच्या मशीनला कॅपिटल आणि स्मॉल वेगळे दिसतात, माझ्या लॅपटॉपला एकच. मर्ज करताना त्याने नव्या नावाची फाइल ठेवली आणि मग जुनी काढून टाकली. त्याच्या लेखी दोन्ही एकच, म्हणून ठेवलेलीच गेली. मग बदल पाठवू का, याला मी हो म्हटलं. मशीन कोणी काय केलं ते लिहून ठेवतं म्हणे. तिने दाखवलं: मंगळवार, ११.३८, आणि पुढे माझं पूर्ण नाव. कॅपिटल्समध्ये, निदान.

जुनी फाइल कधीही परत आणता येते. माझ्यासमोर आणली. दोन मिनिटं लागली, त्यातलं एक उडालेल्या बटणांमुळे.

बकूळ. उंची चाळीस फूट. वय पन्नासच्या वर. प्रकृती उत्तम.

रात्री ८.१०
उत्कर्षाला पत्र लिहिलं. दोन मिनिटांचं काम होतं, तर मला वेळेवर का कळवलं नाहीस? लेखी उत्तर बुधवार, १९ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत. फोन घेतला जाणार नाही.