कठड्यावरची चार बोटं

१४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं दुखणं कमी आहे हे वाचून बरं वाटलं. जिने चढू नकोस म्हटलं तर तू मुद्दाम चढशील, म्हणून म्हणत नाही. आई ठीक आहे, रक्तदाब औषधाने ताब्यात आहे. मीही ठीक आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी गप्प बसते. या वेळी मला माझी वाक्यं पुरी करायची आहेत.

आधी कामाचं सांगते. आमच्या स्टुडिओला पर्यटनाचं मोठं काम मिळालंय. परदेशी प्रवाशांनी आपल्या देशात का यावं, याची शंभर कारणं. प्रत्येक कारणाला एक फोटो आणि खाली दोन ओळी. बर्फ आहे, वाळवंट आहे, एकाच बाजारात चार भाषांत चाललेली घासाघीस आहे. देशाच्या एका टोकाला लोक कामावर निघतात तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून उजाडलेलं नसतं, हेसुद्धा एक कारण आहे. ओळी लिहिणाऱ्याला आम्ही ‘कवी’ म्हणतो आणि तो चिडतो. त्याची मुख्य ओळ सगळ्यांना फार आवडली: ‘इतका मोठा देश, की हरवून जाल.’ मलाही बरी वाटली होती.

फोटो दुरुस्त करणं माझ्याकडे आहे. विजेच्या तारा काढायच्या, प्लॅस्टिकच्या बादल्या काढायच्या, आणि जो माणूस त्या जागचा वाटत नाही तोही काढायचा. स्टुडिओच्या मालकीणबाई पडद्यावर बोट ठेवून सांगतात. मोठ्या तळ्यावरच्या प्रवासी बोटीचा एक फोटो होता. मागे डोंगर, बोटीत रंगीत कपड्यांतल्या बायका, आणि टोकाला कठड्याला टेकून उभा असलेला एक पुरुष. बाई म्हणाल्या, “हा इथला वाटत नाही. उडव याला.”

उडवला. हे कसं करतात ते तुला कधी सांगितलं नाही. चित्र चौपट मोठं करायचं आणि पायांपासून वर जायचं. इतक्या जवळून माणूस दिसतच नाही. नुसते रंग दिसतात आणि कडा दिसतात. शेजारचं पाणी उचलायचं आणि त्याच्यावर चढवायचं. तोंडाची पाळी येईपर्यंत ते तोंड आहे हेही लक्षात राहत नाही. मी हे काम चांगलं करते, हे तुला माहीत आहे.

एकाने पुसलेलं दुसऱ्याने तपासायचं असा आमचा नियम आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून त्याचं नाव भिंग. तो ओरडला, “अगं ए, भूत ठेवलंयस की मागे! कठड्यावर चार बोटं लटकतायत.”

सगळे हसले. मीही हसत उठले आणि बघायला गेले.

चार बोटं होती. त्यातलं मधलं करंगळीएवढंच होतं, वरचं पेर नव्हतं.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं असावं, कारण भिंग म्हणाला, “काय गं, खरंच भूत दिसलं की काय?” मी म्हटलं, काही नाही. जागेवर आले. मूळ फोटो उघडला आणि या वेळी मोठा न करता, जसा होता तसा पाहिला.

बाबा आहेत, आत्या.

मी घाईने हे लिहीत नाही. जुना फोटो शेजारी ठेवून कानाची पाळी पाहिली, भुवईतली खाच पाहिली. वर्कशॉपातल्या लेथ यंत्राने नेलेलं पेर तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. केस पिकलेत. उभं राहताना सगळा भार डाव्या पायावर, तो तसाच.

सात वर्षांपूर्वी जो माणूस वर्कशॉपला म्हणून गेला आणि परत आला नाही, ज्याच्यासाठी पोलिसांनी नदी ढवळली आणि दवाखाने पालथे घातले, त्याला मी पगार घेऊन, पायांपासून डोक्यापर्यंत पुसला होता. आणि मला कळलंसुद्धा नाही.

फोटोग्राफरला फोन केला. कामाचा आहे असं भासवलं. तो म्हणाला, “तो होय! बोटीचं इंजिन बघतो. भलताच गमत्या माणूस. मला हसवून हसवून मारलं, वर चहा पाजला.” मी विचारलं, नक्की तोच का? आपल्या घरात बाबांनी कधी विनोद केलेला मला आठवत नाही. तुला आठवतो?

पुढच्या शुक्रवारी कोर्टात तारीख आहे, हे तुला मी सांगायला नको. सात वर्षं खबर नाही, म्हणून त्यांना मृत ठरवावं, हा आईचा अर्ज. तो तिने का केला तेही तुला ठाऊक आहे. या सात वर्षांत आई एक रात्र घराबाहेर झोपलेली नाही. माझ्या पदवीच्या दिवशी टाळ्या वाजवून ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. “हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?” दर वेळी हेच. शेवटी थकून म्हणाली, कोर्टाने एकदा सांगितलं की मी दाराकडे बघायचं सोडीन. आणि सख्खी बहीण म्हणून तू शपथेवर सांगणार आहेस, की भावाची कसलीही खबर तुझ्यापर्यंत आलेली नाही.

एक गोष्ट मी वर टाळली. फोटोत त्यांच्या अंगात काय होतं, ते लिहिलं नाही.

राखाडी स्वेटर. छातीवर विणलेल्या दोन वेण्या, आणि उजवीकडची उलटी पिळलेली. तू दर स्वेटरला तसंच करतेस, बाजारचा वाटू नये म्हणून. फोटो यंदाच्या जानेवारीतला आहे. गेल्या उन्हाळ्यात तू आमच्याकडे राहिलीस तेव्हा हाच विणत होतीस. आईने विचारलं होतं, “कुणासाठी गं?” तू म्हणालीस, “आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांसाठी. म्हातारा फार कुडकुडतो.”

मी आईला अजून काही सांगितलेलं नाही. शुक्रवारच्या आत तू ये. तिला हे तुझ्या तोंडून कळू दे, माझ्या पडद्यावरून नको. तू आली नाहीस तर मी सांगेन.

तू आलीस तर मी काही विचारणार नाही. खरंच नाही.

तुझीच,
मोजपट्टी
(हे नाव तूच ठेवलंयस.)


२४ मार्च

आत्या,

तू आली नाहीस, तुझं पत्र आलं.

दुसऱ्या वर्षीच बाबांनी तुला कळवलं होतं, हे वाचलं. कुणाला सांगू नकोस अशी त्यांनी तुला शपथ घातली, हेही वाचलं. लहानपणी तुमची आई गेल्यावर तू त्यांना वाढवलंस, तुला तो भाऊ नाही, मुलगाच आहे, हे मला मान्य आहे. पण त्यापुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. ‘होऊन जाऊ दे कोर्टाचं. तुझी आई सुटेल, तोही सुटेल, यात कुणाचं काय जातंय?’

फार सफाईदार आहे ते. शेजारचं पाणी उचलून वर चढवल्यासारखं. हे काम मी रोज करते, म्हणून मला ओळखू आलं.

गुरुवारी दुपारी घरी जाऊन आईला फोटो दाखवला. ती भांडी पुसत होती. हात कोरडे केले, चष्मा लावला. मी पाण्याचा पेला भरून ठेवला होता, तिची गोळीही काढून ठेवली होती. तिने आधी बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, “अंगाने भरलाय.” एवढंच. मग चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

“ही लोकर माझ्या हातांवर होती,” ती म्हणाली. “दोन्ही हात असे पुढे धरून मी बसले होते, आणि तुझी आत्या गुंडा करत होती. मला म्हणाली, हात खाली सोडू नकोस गं, गुंता होईल. मी नाही सोडले.”

आणि आई हसायला लागली. रडण्याची माझी तयारी होती, हसण्याची नव्हती. मी घाबरून तिचा दंड धरला. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, तिथे लोक त्यांना गमत्या म्हणतात. हसू थांबवून ती म्हणाली, “गमत्या? हा? मग नीट बघ बाई, दुसराच कुणीतरी असेल.”

मग ती तशीच हात पुढे धरून बसली, जणू लडी अजून हातांवर आहे. मी तिचे हात खाली केले. तुला हे सांगायला हवं असं मला वाटलं.

शुक्रवारी ती कोर्टात गेली आणि उभी राहून म्हणाली की नवरा जिवंत आहे, अर्ज मागे घ्यायचा आहे. न्यायाधीश वैतागले. “मग बाई, अर्ज केला कशाला?” आई म्हणाली, “तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांच्या बहिणीला माहीत होतं. त्या आज आलेल्या नाहीत.” आवाज अजिबात चढला नव्हता. बाहेर वकील म्हणाले, आता घटस्फोटाचा रस्ता, तो लांबचा, आज गप्प राहिला असतात तर काम झालं होतं. आई म्हणाली, “लांबचा तर लांबचा. जिवंत माणसाची विधवा होऊन मला सुटायचं नाही.”

ती चार बोटं मी पुसली नाहीत. भिंगाला सांगितलं. त्याने चहा निवायच्या आत पुसली, आणि पोस्टर छपाईला गेलं. कवीची त्याखालची ओळ अशी आहे: ‘इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तरी सगळे हाक मारतात.’ बदलून घ्यावी असं एकदा मनात आलं. पण ओळीत चूक काही नव्हती.

आई सध्या माझ्या खोलीवर आहे. येताना घराला कुलूप लावून आली. किल्ली शेजारी ठेवलेली नाही, चिठ्ठी डकवलेली नाही. पहिल्या रात्री मला वाटलं, ही उठेल आणि परत जाऊया म्हणेल. सकाळी मी तिला हलवून उठवलं, तेव्हा कुठे जागी झाली.

काल तिने मला ती शंभर कारणं उघडायला लावली. सगळी पाहिली, बर्फ, वाळवंट, बाजार, समुद्रात घुसलेली जमिनीची लांब जीभ. तळ्याच्या फोटोवर थांबली नाही. शेवटी म्हणाली, “एवढा मोठा देश आहे म्हणता ना तुम्ही? तो नसेल असं एखादं ठिकाण काढ.”

मी रजा टाकली आहे. सोमवारी निघतोय. आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी प्रवासी पिशवी घेतली, आणि दुकानदाराला दोनदा चेन उघडून दाखवायला लावली.

कुठे जातोय ते तुला लिहीत नाही. कुणी विचारलं तर खबर नाही म्हण. या वेळी ते खरं असेल.

तुझ्या भावाची मुलगी