पाय सैल पडले तेव्हा

बेथेल, अलास्का
२ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे, हे आधी सांगते. विमानात माझ्यासोबत ओलिंका आजी होत्या. त्यांचं मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही.

काल विमान घेऊन त्यांना त्यांच्या गावी सोडायला गेले होते. वारा आडवा होता, मधूनच जोराचे झोत येत होते. तरी चाकं नीट टेकली, शेपटीचं चाकही टेकलं. धावपट्टीच्या कडेला आजींची नातवंडं हात हलवत होती. मीही हात उचलला आणि शेपूट सरळ धरणाऱ्या पेडलवरचे पाय सैल पडले. तेवढ्यात झोताने शेपूट ढकललं, विमान गर्रकन फिरलं आणि डावा पंख खडीत घासला.

आजी म्हणाल्या, "काय गं, माझी सुकवलेली मासळी राहिली म्हणून परत वळलीस का?" मला हसता आलं नाही.

आमचा मालक डॅरेल म्हणतो, "अहवालात वारा लिही. वाऱ्याचं लायसन्स कोणी काढून घेत नाही." माझं घेऊ शकतात. तपासनीस उद्या येतोय. वारा होता हे खोटं नाही, म्हणूनच तेवढंच लिहिणं फार सोपं वाटत होतं.

विमान दोरांनी बांधेपर्यंत पाय जागे ठेवायचे, हे तुम्हीच शिकवलंत. अहवालात मी 'पाय सैल सोडले' असं लिहिलंय.

तुमचा गुडघा कसा आहे? आईला वाऱ्यामुळे झालं म्हणून सांगा, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलंय. तिलाही खरंच सांगा.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
मारित