एकच कांडी

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, मोठी खिडकी, समोर वाचनालय. ठकीने आल्या आल्या खिडकीतल्या कट्ट्यावर टॅब घेऊन बैठक मारली. आठ वर्षांची माझी लेक, पण रुबाब मालकिणीचा. मला काम काय, तर अख्ख्या कॉलेजचं वायफाय सांभाळायचं. साहेब म्हणाले, बहुतेक तक्रारी बंद करून चालू केलं की मिटतात. मी म्हटलं, उरलेल्यांसाठीच तर मला पगार देता! हसले बिचारे.

बुधवार, ५

पहिली चिवट तक्रार. वाचनालयात सगळ्यांना फुल रेंज, फक्त ग्रंथपालकाकांच्या फोनला एकच कांडी. छताला लावलेला वायफायचा डबा बदलला, फोन नव्याने जोडला. ढिम्म! माणसाचं अंग रेंज खातं, म्हणून हॉल भरला की वायफाय रडायला लागतं. काकांच्या फोनची रेंज अगदी तशी पडते, कुणीतरी खेटून मधे उभं राहिल्यासारखी. आणि आम्ही तर दोघंच होतो.

काका खंगलेत. पाठीत सारखा गारवा भरतो म्हणे, भर उन्हात स्वेटर. फोन घरी ने, चांगल्या यंत्राशेजारी ठेवून सावकाश तपास, असा त्यांनीच आग्रह धरला. आम्हा नेटवर्कवाल्यांची रीतच आहे ती, आजारी यंत्र धडधाकट यंत्राशेजारी ठेवून दोन्हींची रेंज ताडून बघायची. नेला.

गुरुवार, ६

जमलं! फोन ठकीच्या टॅबशेजारी ठेवला, आणि भात शिजेस्तोवर फोनला सगळ्या कांड्या. मी काही म्हणजे काही केलं नव्हतं, पण श्रेय सोडते की काय! फोन हातात देताच काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. माझ्याकडे मात्र बघेनात. लाजले असतील.

शनिवार, ८

टॅबला एकच कांडी. कुठल्याही खोलीत न्या, एकच. ठकी आधी कुरकुरली, मग म्हणाली की तिची पाठ गार पडलीय आणि मागे फार दाटी होतेय. कट्ट्यावर ती एकटी होती, मागे भिंत. मी पाठीला हात लावला. दुपारचं ऊन अंगावर असताना पाठ बर्फासारखी.

सोमवार, १०

साहेबांना विचारलं, अशी तक्रार आधी कुणाची होती का. होती म्हणाले, वसतिगृहाच्या मेट्रनबाईंची. खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. पाठ गारठून निळी पडलेली. त्या गेल्यावर त्यांचा फोन ग्रंथपालकाकांनी उचलून आपल्या फोनशेजारी ठेवला, आणि काय नवल, बाईंचा फोन आपोआप सुधारला.

काकांच्या दारावर धडका मारल्या. उघडलं नाही त्यांनी. आतूनच रडत म्हणाले, पोरी, मला वाटलं तू तुझ्या स्वतःच्या फोनशेजारी ठेवशील. लेकराचा टॅब ठेवशील असं वाटलं नव्हतं.

वाटलं नव्हतं! मेल्या माणसा, माझं चालेल होय?

मंगळवार, ११

ठकी बोलत नाही. ओठ निळे. टॅब बंद करून ठेवला तरी पाठ गारच.

ऑफिसात साहेबांचा फोन टेबलावर पडला होता. टॅब माझ्या पिशवीत. खोलीत कुणी नव्हतं. हात पिशवीत गेलाही — मग त्यांच्या बायकोचा फोन आला, वाजत राहिला. नाही जमलं मला.

घरी आले. टॅब चालू केला. माझाच फोन त्याच्या शेजारी ठेवला.

टॅबला दोन कांड्या. तीन. सगळ्या.

ठकी म्हणाली, भूक लागलीय. तिला पोटाशी धरून ढसाढसा रडले. माझी पाठ तेव्हाच गार पडली होती. पडू दे.

बुधवार, १२

धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं, ठकीला तिच्याबरोबर धाडलं. टॅबसकट. ठकी हसत गेली. सुटले.

लिहिताना कोपर मागे कशाला तरी लागतं. मागे भिंत आहे. लांब आहे भिंत —

शुक्रवार

उठवत नाही. उठायला लागले की खांद्यावर भार येतो —

ठकीचा फोन आला. तिचं स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणाली, आई, तुझा आवाज किती तुटतोय. मी सांगितलं, रेंज नाही गं राणी. तर म्हणाली, मला माहितेय काय करायचं, तू केलं होतंस ना, टॅब तुझ्या फोनशेजारी ठेवायचा. मावशी आणि मी गाडीत बसलोयसुद्धा —

नको म्हणून ओरडले. घसा फाटेस्तोवर. ती हॅलो, हॅलोच करत राहिली —

परत लावते. लागत नाही. एकही कांडी नाही —

फोन लपवायला हवा. हात उचलत नाही. उचलू देत नाही. फक्त लिहू देतंय —

जिन्यात पावलं. ठकी. काहीतरी गाणं म्हणतेय —

फोन टेबलाच्या कडेला आहे, तिचा हात पुरेल इतक्या —

ठकी, टॅब बाहेरच ठे