पोटाला लाथ, खांद्याची चौकशी

सुसामिरचं कुरण, २२ ऑगस्ट

कालिपा विहीणबाईंना आल्तिनचा मनापासून सलाम.

तुमच्याकडे सगळी सुखरूप असतील. इकडे यंदा गवत गुडघाभर आहे, घोड्या दूध भरपूर देताहेत. आपली नात मेंढ्यांवर ओरडायला शिकली. आवाज तुमच्यावर गेलाय.

जूनमध्ये धार काढताना घोडीने मला पोटात लाथ घातली, हे तुमच्या जावयाने, एर्मेकने, फोनवर सांगितलंच असेल. "किरकोळ मुका मार" असं सांग, म्हणून मीच त्याला बजावलं होतं. किरकोळ नव्हता.

मी म्हटलं, मेंढी कापा आणि ताजं कातडं गरम असतानाच पोटाला गुंडाळा. आमच्या सासूबाई तशाच बऱ्या झाल्या होत्या. तर तुमची बेरमेत तंबूच्या दारात आडवी आली. "आपा, मेंढी खुशाल कापा, रस्सा मी करते. पण पोटाला कोणी हात लावायचा नाही." त्याच दिवशी तिने मला खाली हॉस्पिटलात नेलं. प्लीहेला मार लागलाय, डॉक्टर म्हणाले. घोडा बंद, बादली उचलणं बंद, आणि डावा खांदा दुखला तर आत रक्त जातंय समजा, लगेच या.

मग तुमची लेक रोज सकाळी विचारायची, "आपा, खांदा?"

"खांदा तुझ्या आईचा दुखत असेल. मला पोटात लागलंय."

पाचव्या दिवशी दुखला. मी बोलले नाही. का, ते आता लिहायलाच हवं. वसंतात तुमचं पत्र आलं होतं, की इथल्या गावच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे, मुलीला कामाला जाऊ द्या, नाहीतर येऊन घेऊन जाईन. ते मी चुलीत घातलं. तिचं नर्सिंगचं शिक्षण खरं ठरलं असतं, तर तिला घरात अडकवून ठेवायला मला तोंड उरलं नसतं. म्हणून गप्प बसले.

मला खांदा चोळताना तिने पाहिलं.

"कधीपासून?"

"आत्ताच."

"खोटं बोलू नका, आपा." मी माझ्या सासूशी असं बोलले असते तर माहेरी पोचले असते.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या खिडकीवर नाव विचारलं. एर्मेक गाडी लावत होता, माझ्या तोंडून शब्द फुटेना. आता तुमचं वळण असं, की तीन वर्षांत तिने सासूचं नाव घेतलेलं नाही. माझ्या नावात सोनं आहे म्हणून ती सोन्यालाही 'पिवळं' म्हणते. ती ओरडली, "आल्तिन मामबेतोवा, वय बासष्ट, आतून रक्त जातंय, आधी यांना घ्या." अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. त्या दुखण्यातही मला तिचा अभिमान वाटला.

नऊ दिवस ठेवलं, पोट फाडावं लागलं नाही. रात्र घरी काढली असती तर हे पत्र एर्मेकने लिहिलं असतं. नंतर तीनदा तपासायला नेलं तिने, एकही तारीख चुकू दिली नाही. परवाच्या सोनोग्राफीत सगळं स्वच्छ निघालं. घोड्यावर बसा, डॉक्टर म्हणाले.

काल बसले, आणि थेट गावच्या दवाखान्यात गेले. जागा अजून रिकामी होती. सोमवारपासून माझी सून येईल, असं सांगून आले. बेरमेतला सांगितलं तर तिने आधी माझी नाडी धरली. मग म्हणाली, "आपा, घोडा दौडवला नाहीत ना?"

दौडवला होता. सांगून टाकलं.

तेव्हा तिला न्यायला येऊ नका. राहायला या. नात मी सांभाळेन, पण मला अजून महिनाभर जड उचलायची बंदी आहे. बादल्या तुम्ही उचला.

तुमच्या लेकीची पहिली पेशंट,
आल्तिन